वडिलांना बोलेरोच का हवी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात नोकरीला, वडील केज तालुक्यातल्या गावी, शिक्षक म्हणून नुकतेच निवृत्त झालेत. हातात पैसे आलेत आणि घरात पहिली चारचाकी घ्यायची आहे. तुम्ही म्हणता छोटी पेट्रोल गाडी घ्या, गिअर बदलायची कटकट नको, एअरबॅग चांगल्या असाव्यात. ते म्हणतात बोलेरो, आणि तीही पांढरी. यावरून तुम्ही पुढचं विचारलंय की मराठवाड्यात जो तो त्याच चार-पाच गाड्यांच्या मागे का असतो, लोक स्वतः विचार करून गाडी घेतात की शेजाऱ्याचं बघून.

मी लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात गॅरेज चालवतो. "कोणती घेऊ?" या प्रश्नावर माझा जितका वेळ जातो, तितकाच गाड्या खोलण्यात जात असेल. माझं मत असं, की आपल्याकडची माणसं भरपूर विचार करतात, पण त्यांचा हिशोब वेगळ्या दिवसावर बेतलेला असतो. पुण्यातला माणूस रोजच्या दिवसाची गाडी घेतो, म्हणजे ट्रॅफिक, पार्किंग, ऑफिसला जाणं-येणं. इकडचा माणूस वर्षातल्या सगळ्यात अवघड दिवसाची गाडी घेतो. बाकीचे दिवस ती दारात उभी राहिली तरी त्याची तक्रार नसते. त्या एका दिवशी तिनं दगा द्यायचा नाही, एवढंच त्याचं मागणं असतं.

तो दिवस कसा असतो ते तुम्हाला माहीत असणार, गाव सोडून बरीच वर्षं झाली असली तरी. ऑगस्टची रात्र, दिवसभर झड लागलेली, वस्तीवरच्या कुणाला तरी पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, किंवा कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्यात. डांबरी रस्ता दोन-तीन किलोमीटर लांब आणि मध्ये पाणंद. जायचं अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. पेशंट मागे आडवा, डोकं कुणाच्या तरी मांडीवर, आणि सोबत चार-पाच माणसं, कारण रात्रीच्या वेळी पेशंटसोबत एकटं कुणी जात नाही. एक रक्ताची चिठ्ठी घेऊन पळतो, एक पैशाची जुळणी करतो, एक बाई पेशंटजवळ थांबते. अशा वेळी पाच सीटची गाडी पाच सीटचीच राहते, पण बोलेरोच्या मागच्या आडव्या बाकड्यांवर माणसं बसतात आणि सामानही राहतं.

काळ्या मातीची गोष्ट यातच आली. ही माती पाणी धरते, फुगते आणि चाकाला चिकटली की सुटत नाही. मोटारसायकल पाणंदीत घातली की पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट पन्नास-शंभर फुटांत चिखलानं गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग माणूस काडीनं, नाहीतर टूलबॉक्समधल्या स्क्रू ड्रायव्हरनं तो चिखल उकरतो, पुन्हा शंभर फूट जातो, पुन्हा उकरतो. म्हणून मृग लागायच्या आधी माझ्याकडे मडगार्ड वर उचलून बसवून घ्यायला लोक येतात, काही जण ते काढूनच ठेवतात. शहरातल्या माणसाला ती गाडी विद्रूप वाटते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती आता पावसाळ्याला तयार झालेली असते.

चारचाकीतही हाच भेद आहे. बोलेरोला जोर मागच्या चाकांचा. मागे जितकी माणसं बसतात तितकी ती चाकं जमीन घट्ट धरतात. छोट्या गाड्यांना जोर पुढच्या चाकांचा असतो. मागे तीन जाडजूड माणसं आणि डिकीत धान्याचं पोतं टाकलं की पुढचा भाग हलका होतो, आणि ओल्या चढावर पुढची चाकं जागेवरच भिरभिरतात. शिवाय बोलेरोला खाली चेसी आणि मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग आहेत. वजन पडलं तरी ती फार बसत नाही. पाटा तुटला तर गावातला वेल्डिंगवालासुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत काहीतरी करून देतो. तुमचे वडील हे असं मांडणार नाहीत. ते म्हणतील, "गाडी कशी भक्कम पाहिजे." पण त्या भक्कमपणाच्या मागे त्यांनी आयुष्यभर बघितलेल्या अडकलेल्या गाड्या आहेत.

आपल्याकडे सार्वजनिक वाहतुकीनं माणसाला कधी निर्धास्त होऊ दिलं नाही, हेही लक्षात घ्या. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. तोपर्यंत सगळा भार एसटीवर, आणि एसटी जिथं जात नाही तिथं काळी-पिवळीवर, म्हणजे वडापच्या जीपवर. ट्रॅक्स, कमांडर, मार्शल, नंतर क्रूझर या गाड्यांनी दोन पिढ्या तालुक्याला नेल्या-आणल्या. टपावर माणसं, मागच्या पायरीवर माणसं. टाटाची सुमो 1994 ला आली आणि 2019 ला बंद झाली, पण लग्नाच्या वऱ्हाडात तिची जागा अजून लोकांच्या बोलण्यात आहे. म्हणजे 'चांगली गाडी' हे चित्र आपल्या माणसाच्या मनात घट्ट झालं ते वडापच्या जीपमधून. जी गाडी पंधरा माणसं घेऊन धारूरचा घाट चढताना रोज दिसते, तिच्यावर विश्वास बसायला जाहिरात लागत नाही. 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा तर जुन्या मोटारसायकलींना मागेल तो भाव मिळत होता. ज्यांनी कधी गाडीचा विचार केला नव्हता अशा घरांत त्या काळात पहिली दुचाकी आली.

दुसरा मोठा मुद्दा दुरुस्तीचा. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा कारखाना आहे. मराठवाड्याच्या भूमीवर बनलेल्या ऑक्टेव्हिया सगळ्या देशात फिरल्या, पण केज-धारूर-वडवणीकडं तुम्हाला ती शोधावी लागेल. गाडी उत्तमच होती. पण ती बंद पडली तर उघडणार कोण? कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्याच्या नाहीतर विभागाच्या ठिकाणी, टोचन करून न्यायचं भाडं वेगळं, आणि पार्ट येईपर्यंत आठ-पंधरा दिवस गाडी तिथंच. याउलट स्प्लेंडरची क्लचप्लेट, बोलेरोचं बेअरिंग, छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा, सायलेन्सर हे तालुक्याच्या दुकानात शेल्फवर असतं. ओरिजिनल असतं, डुप्लिकेट असतं आणि भंगारातून काढलेलंही असतं. खिशाला झेपेल ते घ्या. पोरं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा पहिलं इंजिन स्प्लेंडरचंच उघडतात. मग गावोगाव त्याच गाडीचे मिस्त्री तयार होतात, आणि मिस्त्री आहे म्हणून लोक पुन्हा तीच गाडी घेतात. शेजाऱ्याचं बघून घेतात असं तुम्हाला वाटतं ते इथं. शेजाऱ्याकडे तीच गाडी असणं म्हणजे पान्यापासून पार्टपर्यंत सगळं हाताशी असणं.

संभाजीनगरजवळच्या वाळूजचंही असंच. बजाजचा तिथला कारखाना 1985 ला सुरू झाला, दुसऱ्याच वर्षी एम-80 बाजारात आली, आणि दूधवाला, मास्तर, तलाठी, सगळ्यांनी ती चालवली. आजही प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी वाळूजला कामाला असतं. पाहुण्यातला पोरगा ज्या कंपनीत राबतो त्या कंपनीची गाडी घ्यायला माणसाचा हात लवकर वळतो. हे कुठल्या कंपनीच्या हिशोबात बसत नसेल, पण मी ते रोज ऐकतो.

आता पैशाकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथं आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात गाडी ही सोन्यासारखी असते, अडचणीला मोडता यावी म्हणून घेतलेली. पाऊस ताणला, सोयाबीन गेलं, मुलीचं लग्न ठरलं, दवाखाना लागला, की पहिली नजर दारातल्या गाडीवर जाते. त्या वेळी ती दोन दिवसांत विकली गेली पाहिजे. स्प्लेंडर विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात येतं. बोलेरो दहा वर्षं जुनी असली तरी भाव धरून असते. याउलट एखादी देखणी, सगळ्या सोयींची पण इकडे न चालणारी गाडी विकायला काढा. एजंट येतील, चार चकरा मारतील, आणि शेवटी तुमची गरज ओळखून पाडून मागतील. पहिल्या दिवशी शोरूममध्ये वाचवलेले पन्नास हजार विकताना दीड लाखानं निघून जातात. माझ्याकडे गाडी दाखवायला आणणारा शेतकरी इंजिनचा आवाज नंतर ऐकतो, आधी विचारतो, "पुढं विकायला कशी आहे?" त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

रंगही याच हिशोबात बसतो. पांढरी गाडी उन्हात कमी तापते, धूळ बसली तरी काळ्या गाडीइतकी कळकट दिसत नाही, ओरखडा आला तर रंगाची शेड जुळवायला त्रास कमी, आणि विकताना पांढऱ्याला गिऱ्हाईक जास्त. पुढाऱ्यांमुळे पांढरा रंग आला असं म्हणतात, त्यात तथ्य आहेच. पण तो टिकला या कारणांमुळे.

दुचाकीत हिशोब ॲव्हरेजचा. परभणीचं पेट्रोल बरेचदा राज्यातलं सगळ्यात महाग असतं, कारण ते लांबच्या डेपोतून टँकरनं येतं आणि वाहतूक खर्च लिटरवर चढतो. अशा जिल्ह्यात माणूस दर लिटरमागं किती किलोमीटर हे विचारणारच. एकेकाळी दूधवाल्याकडे राजदूत असायची, दणकट, पण दोन स्ट्रोकची आणि तेल-पेट्रोल पिणारी. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली आणि चार स्ट्रोकचं छोटं इंजिन काय करू शकतं हे लोकांनी पाहिलं. 1994 ला स्प्लेंडर आली. तिचं 97.2 सीसीचं इंजिन मुळातून फारसं न बदलता इतकी वर्षं चालत राहिलं. नवीन पोरांना ती बापाची गाडी वाटते, त्यांना शाइन, पल्सर, अपाची हवी असते. पण लग्न झालं, शेत हातात आलं, की यातलेच बरेच जण स्प्लेंडर किंवा प्लॅटिनावर येतात. ऊसतोडीला जाणारी जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारासोबत मोटारसायकलही चढवून नेतात. कारखान्यावर पोचल्यावर बाजार, किराणा, पोरगं आजारी पडलं तर दवाखाना, सगळं तिच्यावर. परक्या गावात, पालावर राहताना, ती एकच गोष्ट त्यांना मुकादमावर अवलंबून न ठेवणारी असते.

टीव्हीएस एक्सएलबद्दल मात्र थोडं जास्त सांगतो, कारण तिला फार कमी लेखलं जातं. भूम-कुंथलगिरीकडे खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथं सकाळी दूध कशावर येतं ते बघा. एक्सएलचं वजन सुमारे 90 किलो. गिअर नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून, पुढं पायाशी तिसरा कॅन ठेवूनही गाडी फक्त हाताच्या मुठीवर चालते. मागची सीट काढली की सपाट जागा मिळते, तिथं वैरणीची पेंढी, खताची गोणी, फवारणीचा पंप बसतो. पडली तर एकटा माणूस उचलतो. साठीच्या पुढचा शेतकरी ज्याचे गुडघे गेलेत, तो तिच्यावर पाय न उचलता बसतो. मी ज्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं बघतोय त्यांत गाडीचा पैसा सगळ्यात लवकर वसूल करणारे हेच लोक आहेत.

कर्जाची बाजूही गाडी ठरवते. ट्रॅक्टरचा हप्ता बहुतेक ठिकाणी सहामाही असतो, पिकाच्या पैशाला जुळणारा. कार आणि मोटारसायकलचा हप्ता दरमहा. ज्याच्या घरात दरमहा पैसा येतो तो एकतर नोकरदार, नाहीतर दूध घालणारा, नाहीतर गाडी भाड्यानं लावणारा. म्हणून पुष्कळ घरांत पहिली चारचाकी येते तीच पिकअप किंवा छोटा हत्ती. तिनं स्वतःचा हप्ता स्वतः फेडावा ही अपेक्षा असते. उरलेले लोक दसरा-दिवाळीला, सोयाबीनचे पैसे हातात आले की, रोख डाऊन पेमेंट जास्त भरतात आणि पुढचे हप्ते देवाच्या भरवशावर सोडतात. उन्हाळ्यात फायनान्सवाले गाड्या ओढून नेतात त्या याच.

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादेत एकाच वेळी 150 मर्सिडीज विकल्या गेल्या, सुमारे 65 कोटींच्या. तेव्हा त्याचं देशभर कौतुक झालं. मागास म्हणवल्या जाणाऱ्या भागातल्या उद्योजकांनी आपली ताकद दाखवली, हे खरंच होतं, आणि मलाही त्याचा अभिमान वाटला होता. पण त्या गाड्यांना एका सरकारी बँकेनं 7 टक्क्यांनी कर्ज दिलं, आणि त्याच काळात त्याच जिल्ह्यातला शेतकरी ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी जास्त व्याज भरत होता. ज्याच्या हातात गाडी हे अवजार आहे त्याला महाग पैसा, आणि ज्याच्या हातात ती शोभा आहे त्याला स्वस्त. माणसं काय चालवतात हे विचारताना त्यांना काय परवडू दिलं जातं हेही विचारलं पाहिजे.

मानपानाचा भाग मी टाळणार नाही. स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनर बऱ्याचदा गुत्तेदारीच्या, म्हणजे कंत्राटाच्या, आणि राजकारणाच्या कामाला येतात. गाडी बघून माणसाला खुर्ची दिली जाते, बिल लवकर निघतं, तहसीलमध्ये शिपाई अडवत नाही. हे बरं नाही, पण खरं आहे, आणि जो त्या धंद्यात आहे त्याला ती गाडी खर्च वाटत नाही. ज्याचा संताप येतो ती गोष्ट वेगळी. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, आणि तरी नवरदेवाला गाडी द्यायची रीत चालूच आहे. बुलेट द्यायची की चारचाकी, हे बैठकीत ठरतं. तिथं गाडी निवडणारा एक आणि फेडणारा दुसरा. पोरीचा बाप स्वतः एक्सएलवर फिरतो आणि जावयाच्या बुलेटचा हप्ता भरतो. असा माणूस समोर उभा राहिला की मी त्याला सरळ सांगतो, दादा, हे करू नका, पोरीला शिकवा, तिच्या नावावर स्कूटी घ्या. काही जण ऐकतात.

स्कूटीनं इकडे केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, नर्स, आशाताई, अंगणवाडीताई गाडी शिकल्या आणि नवऱ्याची किंवा दिराची वाट बघणं संपलं. त्या गाडी घेताना ॲव्हरेजआधी पाय जमिनीला टेकतात का आणि गाडी स्टँडवर लावता येते का हे बघतात. अगदी बरोबर बघतात. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या अकरावी-बारावीच्या पोरांना पालक कमी वेगाच्या बॅटरीच्या स्कूटर घेऊन देतात, कारण 25 किलोमीटरच्या आतल्या वेगाच्या आणि 250 वॅटपर्यंतच्या गाडीला लायसन लागत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातात मोटारसायकल दिली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे ऐकल्यावर बरेच बाप शुद्धीवर येतात.

आता हिशोब चुकतो कुठं ते सांगतो, कारण तुमच्या वडिलांचा प्रश्न तिथंच आहे. अवघड दिवसाची गाडी घेणं शहाणपणाचं, पण तो दिवस अजून तसाच आहे का हे तपासायला हवं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात कित्येकांनी पाण्याच्या धंद्यासाठी छोटा हत्ती घेतला आणि त्यावर दोन हजार लिटरची टाकी बसवली. लिटरला एक किलो धरा, म्हणजे दोन टन. गाडीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. पाटे बसले, ब्रेक लागेनात, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळली की गाडी कलंडते. त्यांना पिकअप लागत होती. स्वस्त गाडीत मोठं काम बसवायच्या घाईत त्यांचा पैसा आणि काहींचे हातपाय गेले.

बोलेरोच्या बाबतीत तीन गोष्टी बदलल्यात. पहिली डिझेलची. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा कडक नियम आला आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी स्वतःला साफ करते ती गाडी चांगल्या वेगात सलग पंधरा-वीस मिनिटं पळाली तर. गाव ते केज, दूध डेअरी, शेत, परत घर, असं तुटक तुटक चालवणाऱ्याची जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिनचा जोर मरतो. दिवा दुर्लक्षित केला तर मग स्कॅनर लावून जाळी साफ करावी लागते, आणि ते प्रत्येक तालुक्याच्या मिस्त्रीला जमत नाही. म्हणजे 'कुठंही दुरुस्त होते' हा जुना फायदा नव्या बोलेरोत तितका उरलेला नाही. शिवाय राज्याच्या रस्ते करात दहा लाखांच्या आतली डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी महाग पडते. जीएसटीत मात्र सप्टेंबर 2025 पासून दोन्ही 18 टक्क्यांतच बसतात, त्या बाजूनं फरक नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. धुळे-सोलापूर हायवे चार पदरी झाला, लातूर-नांदेड बाजूचे रस्ते सुधारले, समृद्धी तर जालना आणि संभाजीनगरवरून जातो आणि तिथं 120 चा वेग चालतो. पूर्वी धोका चिखलात अडकण्याचा होता, आता तो वेगात आदळण्याचा आहे. उंच, अरुंद गाडी जोरात वळवली की डोलते. बोलेरो निओ ही जुन्या बोलेरोपेक्षा वेगळी गाडी, पण गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2024 च्या चाचणीत निओला पाचपैकी एकच तारा मिळाला. त्याच कंपनीच्या स्कॉर्पिओ-एनला 2022 मध्ये पाच आले होते. नुसता जाड पत्रा माणसाला वाचवत नाही. टक्कर झाल्यावर गाडी कुठं चेपते आणि आतली जागा शाबूत राहते का, त्यावर जीव अवलंबून असतो. आपल्याकडे अजून लोक दारावर टिचकी मारून गाडीची मजबुती बघतात, आणि मागच्या आडव्या बाकड्यावर लहान पोरं बसवतात. पोरांना तिथं बसवू नका, हे मी प्रत्येक बोलेरोवाल्याला सांगतो.

तिसरी गोष्ट उंचीची. तुमच्या वडिलांना हे सांगा, त्यांना आश्चर्य वाटेल. कागदावर बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स 180 मिलिमीटर आहे आणि टाटा पंचचा 187. माणसं भरल्यावर पंच बसते, पाट्याची बोलेरो कमी बसते, म्हणून सहा-सात माणसांत बोलेरोच वरचढ. पण दोघं-तिघं असतील तर पाणंदीतल्या दगडाला पंचही टेकणार नाही. तिला 2021 च्या चाचणीत पाच तारे मिळालेत आणि ऑटोमॅटिक गिअरही मिळतो. चिखलाच्या चढावर ती बोलेरोची बरोबरी करणार नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून वडिलांशी वाद घालण्याऐवजी त्यांना एवढं विचारा: गेल्या वर्षात घरातली पाचपेक्षा जास्त माणसं एका गाडीत किती वेळा गेली? घरापासून डांबरीपर्यंतचा रस्ता आता कसा आहे? शेतात गाडी नेणार की शेताला मोटारसायकलच? आणि गाडी दारात आली की भावकी, शेजारी मागायला येणार, त्यांना नाही म्हणता येईल का? शेवटचा प्रश्न हलका समजू नका. बोलेरो ही मागितली जाणारी गाडी आहे. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नंबरची गाडी कुणी भाड्यानं माणसं भरून नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते आणि भुर्दंड मालकावर येतो. पंच कुणी वऱ्हाडाला मागत नाही.

उत्तरं ऐकून, अजूनही वस्तीपर्यंत कच्चा रस्ता असेल आणि माणसं खरंच भरून जात असतील, तर बोलेरो घेऊ द्या. फक्त आठवड्यातून एकदा तरी अंबाजोगाई किंवा मांजरसुंब्यापर्यंत सलग पळवायला सांगा, म्हणजे जाळी साफ राहील. घरासमोर सिमेंट रस्ता झाला असेल आणि दोघंच राहत असतील, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पुण्याची एमएच 12 किंवा 14 ची जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून तिसरा मार्ग काढणार असाल, तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का ते आधी बघा आणि गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि ट्रायल घेताना आईला सोबत न्या. तुमच्या सगळ्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही, पण त्या गाडीत सगळ्यात जास्त बसणार त्याच आहेत. शोरूमवाले डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटरची चक्कर देतात. आग्रह धरून गाडी घरापर्यंत न्या, शक्य असेल तर शेताच्या बांधापर्यंत. बोलेरोत चढताना त्यांना पाय किती उचलावा लागतो आणि मागच्या सीटवर खड्ड्यात कंबरेला किती हिसका बसतो ते त्यांनाच विचारा. गुडघे दुखत असतील तर बोलेरोला खाली फूटस्टेप बसवून मिळते, ती गाडी घेतानाच बसवून घ्या.